दाव्याची घाई, तडजोडीचा धीर
(रुग्णालयाच्या वार्षिक समारंभात एका ज्येष्ठ वकिलांनी केलेल्या भाषणाचा सारांश)



रस्ते अपघातातील जखमी माणूस या रुग्णालयात दाखल होतो, तेव्हा त्याच्यामागून कायद्याचे प्रश्नही येतात. अस्थिरोग कक्षाबाहेरच्या बाकावर मला नेहमी विचारले जाणारे काही प्रश्न आज मांडतो.

पहिला प्रश्न : पोलिसांत गुन्हा नोंदविला, आता भरपाई मिळेलच ना? फौजदारी खटला चालकाच्या शिक्षेसाठी असतो. भरपाईचा विचार मोटार अपघात दावा न्यायाधिकरण स्वतंत्रपणे करते. पोलिसांचा अपघात अहवालही तेथे अर्ज म्हणून धरला जाऊ शकतो; परंतु त्यावर विसंबून न राहता आपला अर्ज आपण करावा. २०१९ च्या दुरुस्तीने यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली असून ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. आपण राहता त्या भागातील न्यायाधिकरणाकडेही अर्ज करता येतो.

दुसरा प्रश्न : वकिलाचा खर्च कसा पेलावा? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, बालके, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक यांना उत्पन्न न पाहता विनामूल्य वकील मिळू शकतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी करावी.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक : गाडीमालक रोख रक्कम देऊ करतो, सही करावी काय? मांडीचे हाड मोडलेल्या एका तरुणाच्या वडिलांनी पहिल्याच आठवड्यात मुद्रांकावर सही केली. त्या क्षणी औषधांना पैसे हवे होते. त्यांना दोष कसा द्यावा? पुढे हाड जुळले नाही, दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली, आणि ‘आमची काही तक्रार नाही’ हे त्या कागदावरील वाक्य प्रत्येक तारखेला आमच्यासमोर ठेवले गेले. कोऱ्या कागदावर तर कधीच सही करू नये. हाती आलेल्या रकमेची पावती देणे वेगळे आणि सर्व हक्क सोडणे वेगळे.

शेवटचा प्रश्न : लोकअदालतीत जावे काय? अवश्य जावे. तेथे वेळ वाचतो, कटुता टळते. तडजोड न जमल्यास प्रकरण पुन्हा न्यायालयात जाते, हक्क बुडत नाही. मात्र तडजोड झाली की तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अंतिम असतो. त्यावर अपील नाही. म्हणून होकारापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : आणखी शस्त्रक्रिया लागेल काय, कायमचे अपंगत्व किती राहील, आणि रुग्ण पूर्वीचे काम करू शकेल काय? भरपाईत झालेल्या खर्चाबरोबर पुढील उपचार व बुडणारी कमाईही धरली जाते.

म्हणून दावा मुदतीत दाखल करावा; तडजोड मात्र दुखापतीचे स्वरूप स्पष्ट झाल्यावर, कागद वाचून, समजून करावी. डिस्चार्ज कार्ड, बिले, क्ष-किरण चित्रे जपून ठेवावीत. डॉक्टर मंडळींना एकच विनंती : आपण नोंदीत लिहिलेली एक सुवाच्य ओळ न्यायाधिकरणात रुग्णाच्या बाजूने साक्ष देते.