पशुवैद्यक आणि त्याची नोंदणी

पशुवैद्यकाच्या कामाचा मोठा भाग जनावर आजारी पडण्याआधीच सुरू होतो. पालघर जिल्ह्यात पावसाळा तोंडावर आला की घटसर्प आणि फऱ्या या रोगांवरची लस टोचण्याची घाई असते. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात डांगी बैल, खाली सपाटीवर म्हशींचे गोठे, घरोघरी शेळ्या-कोंबड्या. भातलावणीच्या दिवसांत बैल बसला, तर शेतकऱ्याचा हंगामच हातचा जातो.

मात्र काही रोग जनावराच्या अंगावर दिसतच नाहीत. सप्टेंबर 2020 मध्ये शेजारच्या गुजरातेत काँगो तापाचे रुग्ण आढळले आणि पालघर जिल्हा प्रशासनाने सावधगिरीचा इशारा दिला. या रोगाचा विषाणू गोचिडांमार्फत पसरतो. बाधित गाय किंवा शेळी वरवर धडधाकट दिसते, पण गोचीड चावल्याने किंवा जनावर कापताना त्याच्या रक्ताचा संपर्क आल्याने माणसाला लागण होते. बाधित माणसांपैकी शंभरात चाळीसपर्यंत दगावू शकतात. 2011 मध्ये अहमदाबाद जिल्ह्यात हा रोग भारतात प्रथम आढळला, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने त्याचे निदान केले. त्या वेळी रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही मृत्युमुखी पडले. अशा रोगाला वाटेत अडवायचे, तर गोठ्यातल्या गोचिडांचा बंदोबस्त आणि कत्तलीपूर्वी अंगावर गोचीड आहे का याची तपासणी यांवरच भिस्त ठेवावी लागते. ही दोन्ही कामे पशुवैद्यकाची.

बोईसर-तारापूरच्या कामगार वस्त्यांत बहुतेकांकडे गुरे नाहीत. तरी दूध, मटण, अंडी रोज लागतात, आणि रस्त्यावरची कुत्री तर दारातच असतात. कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस हा तिथल्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. दुधाचेही तसेच. म्हशीला प्रतिजैविक दिल्यावर ठरावीक दिवस तिचे दूध विकायचे नसते. किती दिवस, हे औषधावर ठरते आणि ते गोठेवाल्याला सांगणे ही औषध देणाऱ्याची जबाबदारी. गिऱ्हाइकाला दूध पाहून यातले काहीच कळत नाही.

म्हणूनच हे काम कोणी करावे, हे कायद्याने ठरवून दिले आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम 1984 चा. महाराष्ट्रात तो 1 ऑगस्ट 1997 पासून लागू झाला. पशुवैद्यकशास्त्राची मान्यताप्राप्त पदवी घ्यायची आणि नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नाव नोंदवायचे, अशी पशुवैद्यक होण्याची वाट आहे. प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासह हे शिक्षण साडेपाच वर्षांचे. राज्यात त्याची परंपरा जुनी आहे : परळचे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय 1886 मध्ये सुरू झाले.

दुर्गम पाड्यांवर मात्र पदवीधर डॉक्टर वेळेवर पोहोचेलच असे नाही. श्रेणी-1 च्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पदवीधर पशुधन विकास अधिकारी असतो, तर श्रेणी-2 चा दवाखाना पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक सांभाळतो. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी यांसारख्या लघु पशुवैद्यकीय सेवा देण्याची परवानगी राज्य सरकार अशा पदविकाधारकांना देऊ शकते. अट एवढीच की त्या नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि निर्देशानुसार दिल्या जाव्यात. ही तरतूद रास्त आहे, कारण रात्री अडलेल्या गाईजवळ आधी पोहोचतो तो बहुधा पर्यवेक्षकच. पण देखरेख करणारा अधिकारी फोनवर तरी मिळाला पाहिजे. त्याचे पद रिकामे राहिले, तर पर्यवेक्षकाने सल्ला मागायचा कोणाकडे, याचे उत्तर कायद्याच्या कलमात सापडत नाही. ते पद भरूनच द्यावे लागते.