मेंदू घडतो तो ‘नको’मुळे

सेवाग्रामला पाऊस लागला की बेडकांचं डराव डराव सुरू होतं आणि साचलेल्या पाण्यात अंडी दिसतात. आज त्या अंड्याच्या आत काय चालतं ते बघू.

गर्भातल्या पेशी एकमेकींना प्रथिनांमधून निरोप पाठवतात. त्यातलाच एक बीएमपी. तो बाहेरच्या थरातल्या पेशींना सांगतो, ‘त्वचा व्हा’. मग मेंदू कुठून येतो? पाठीच्या बाजूच्या पेशी नॉगिन नावाचं प्रथिन सोडतात. ते बीएमपीलाच धरून ठेवतं. निरोप पोचतच नाही, आणि त्या पेशी चेतासंस्थेच्या वाटेला लागतात. आमच्या भाषेत, नोटिफिकेशन म्यूट केलं म्हणून मेंदू झाला! नॉगिन १९९२ मध्ये झेनोपस बेडकातच सापडलं.

यात आपल्या पुण्याचाही वाटा आहे. आघारकर संशोधन संस्थेतल्या डॉ. सुरेंद्र घासकडबींच्या गटाने जपानी सहकाऱ्यांबरोबर हायड्रातलं नॉगिन जनुक शोधलं. हायड्रा म्हणजे डबक्यातला, काही मिलिमीटरचा, मेंदू नसलेला जीव. त्या जनुकाचा आरएनए बेडकाच्या गर्भात टोचला, तर शरीराचा दुसरा अक्ष तयार झाला! २०१० मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे हा ‘नको’ मेंदूपेक्षाही जुना.

माणसातही नॉगिन आहे. ते कमी पडलं, तर बीएमपीला आवर बसत नाही आणि बोटांचे सांधे जुळून जाऊ शकतात. तेव्हा डबक्यातलं संशोधन काय कामाचं, असं कुणी विचारलं, तर बोटं वाकवून दाखवा. भेटू पुढच्या भागात!