चेहरा आणि डोळे : दुखणे एकच

बंगळुरूचे चिकपेट म्हटले की लोकांना रेशमी साड्या आठवतात. पण इथल्या बोळांतून सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली मंडळीही पोट भरतात. जुने सोने मुशीत घालून आटवायचे, हा आमचा पिढीजात धंदा. भट्टीपुढे बसणाऱ्याचा चेहरा लाल झाला तर नवल कुणाला? माझे गाल तापत, नाकावर पुटकुळ्या येत. "धग लागली" म्हणायचे आणि कामाला लागायचे. सावळ्या कातडीवर लाली उठूनही दिसत नाही.

डोळ्यांचे दुखणे मात्र लपेना. वाळू गेल्यासारखे खुपे, सकाळी पापण्या चिकटलेल्या, आणि वरचेवर रांजणवाडी. शेवटी नेत्रतज्ज्ञांनी पापण्यांची कड पाहिली, मग गाल पाहिले आणि विचारले, "तोंड कधीपासून लाल होतंय?"

दुखण्याचे नाव रोझेशिया. यात चेहऱ्याच्या बारीक रक्तवाहिन्या फुलतात, पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबतात. तेल कमी पडले की अश्रू लवकर सुकतात आणि डोळा जळजळतो. काहींना डोळ्यांचा त्रास आधी होतो, चेहऱ्याचा मागून. हे संसर्गाने पसरत नाही. मुळासकट जातही नाही, पण आटोक्यात राहते. दुर्लक्ष केले तर बुबुळाला इजा होऊन नजर अधू होऊ शकते.

माझा नेम साधा आहे. मऊ फडका कोमट पाण्यात पिळून मिटल्या पापण्यांवर ठेवायचा, हलकेच कड पुसायची, डॉक्टरांनी दिलेले थेंब घालायचे. ऊन, धग, तिखट, दारू यांतले ज्याला जे बाधते ते त्याने टाळावे. भट्टी मला सुटणार नाही; पण मी मध्ये मध्ये उठतो, पंखा लावतो.

एक धोका सांगितलाच पाहिजे. लाली घालवायला दुकानातून स्टिरॉइडचे मलम आणून चोळू नका. आधी बरे वाटते, पण थांबवताच दुखणे दुणावते.

चिकपेटकरांना तर डोळ्यांसाठी लांब जायला नको. 1896 साली सुरू झालेले सरकारी मिंटो नेत्र रुग्णालय जवळच, चामराजपेटेत आहे. तेव्हा डोळे दाखवायला जाल तेव्हा चेहऱ्याची तक्रारही सांगा, आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा डोळ्यांची. विचारायची वाट पाहू नका.