कोर्टातले काही शब्द



आम्ही काही वकील नाही. कामगारांचे कागद घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात बसता बसता जे कानावर पडले, तेवढेच आमचे शिक्षण. तेव्हा कायद्याचे विवेचन आमच्याकडून होणार नाही. कोर्टातल्या चारसहा शब्दांविषयीच बोलावे, असा बेत आहे. हे शब्द ओळखीचे वाटतात, आणि माणूस फसतो तो तिथेच.

'फिर्याद' घ्या. मूळ फारशी शब्द. अर्थ गाऱ्हाणे, टाहो. पण आपल्याकडे फिर्याद असते ती फौजदारीची. पैशाचा वा जागेचा तंटा दिवाणीकडचा, तिथे 'दावा'. ज्याच्यावर दावा लागला तो प्रतिवादी. प्रतिवादी म्हणजे आरोपी नव्हे. तरीही आपले नाव तसे छापलेले पाहून शरमेने कागद लपवणारी माणसे आम्ही पाहिली आहेत.

आमच्या एका सभासदाच्या दारी बेलिफ आला. घरमालकाने खोलीचा ताबा मागितला होता. "समन्स घेऊच नकोस, घेतले नाही म्हणजे लागले नाही," असे चाळीतल्या जाणत्यांनी सांगितले. त्याने घेतले नाही. वास्तविक 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे, नाकारलेले समन्स बेलिफ दाराला डकवतो, तसा शेरा मारतो, आणि ते बजावले गेले असे कोर्ट धरू शकते. तसेच झाले. तारखेला पुकारा झाला, हा गैरहजर. दावा 'एकतर्फी' चालला. एकतर्फी म्हणजे पक्षपाती नव्हे. दुसरी बाजू आलीच नाही, एवढाच अर्थ. वादीला पुरावा द्यावाच लागतो, परंतु त्याची उलटतपासणी घेणार कोण?

'हुकूमनामा' झाला. पण हुकूमनामा म्हणजे ताबा नव्हे. तो अमलात आणण्यासाठी पुन्हा 'दरखास्त' द्यावी लागते, आणि पुष्कळ वादी इथे वर्षानुवर्षे अडकतात. हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, अशा आशयाचे उद्गार प्रिव्ही कौन्सिलने 1872 सालीच काढले होते! हा घरमालक मात्र तत्पर निघाला. पाचव्या महिन्यात कब्जाचे वॉरंट आले, तेव्हा सभासद आमच्याकडे धावत आला. म्हणाला, "दादा, मुदत मागून घ्या."

आता 'मुदत' दोन प्रकारची. एक, तारीख पुढे ढकलण्याची. ती मागता येते. दुसरी 1963 च्या मुदत कायद्याची. तिचे दिवस आपण झोपलो तरी सरत असतात. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागण्यास 30 दिवस. समन्स रीतसर बजावले गेले नसेल, तर हुकूमनामा कळल्यापासून मोजायचे. बजावले असेल, तर हुकूमनाम्याच्या तारखेपासून. याचे तर डकवलेले! झालेला उशीर माफ करा असा अर्ज करता येतो, पण सबळ कारण लागते. कारण काय लिहावे? समन्स मुद्दाम घेतले नाही, हे?

अर्ज केला, तो नामंजूर झाला. मग घरमालकाच्या वकिलांना भेटून चार महिने मागून घेतले. मुलांच्या परीक्षा तेवढ्या त्या खोलीत झाल्या.