देव, विज्ञान आणि कोरडवाहू शेतकरी

(साखरखेर्डा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान, संक्षेपाने)



देवावर विश्वास ठेवणारा मनुष्य विज्ञाननिष्ठ असू शकतो काय, हा प्रश्न आपल्या अभ्यासवर्गांतून वारंवार विचारला जातो. तो केवळ तत्त्वचिंतनाच्या हौसेने विचारला जात नाही. आपण ज्या गावांत काम करतो तेथे वारीला जाणारे, नवस फेडणारे, या गावातील प्रल्हाद महाराजांच्या मठात माथा टेकणारे लोकच आपल्या मोर्चात येतात. त्यांच्याशी आपण कोणत्या भूमिकेवरून बोलायचे, हा खरा प्रश्न आहे. आपल्या परंपरेत आगरकरांचा अज्ञेयवाद आहे आणि साने गुरुजींची ईश्वरनिष्ठाही आहे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून 1947 च्या मे महिन्यात गुरुजींनी दहा दिवस उपोषण केले, ते विठ्ठल मानणाऱ्या माणसाचे उपोषण होते. या दोन धारांपैकी एकीला विज्ञानविरोधी म्हणून बाजूला सारायचे काय?

येथे दोन प्रश्नांची गल्लत होते, ती प्रथम दूर करू. वैज्ञानिक श्रद्धाळू असू शकतो काय, हा एक प्रश्न. आणि विज्ञानाच्या पद्धतीत देवाला कारण म्हणून स्थान आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर इतिहासानेच दिले आहे. विश्व प्रसरण पावत आहे असे 1927 साली मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू होता. विश्वाला आरंभ होता या त्याच्या मताला कडवा विरोध करणारे फ्रेड हॉइल नास्तिक होते. आपले जयंत नारळीकर हे त्यांचे शिष्य. वादाचा निकाल मात्र कोणाच्या श्रद्धेवर वा अश्रद्धेवर लागला नाही. 1965 साली अवकाशाच्या सर्व दिशांनी येणारे क्षीण प्रारण जगासमोर आले आणि बहुसंख्य वैज्ञानिकांचा कौल धर्मगुरूच्या बाजूने पडला. पुढे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की 1951 साली खुद्द पोपमहाशयांनी या सिद्धान्तात ईश्वरी निर्मितीचा पुरावा पाहिला, तेव्हा ती गोष्ट लमेत्रला रुचली नव्हती. आपला देव आपल्या समीकरणात येऊ नये याची काळजी त्याने स्वतः घेतली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आले. विज्ञानाच्या पद्धतीत ‘देवाची इच्छा’ हे कारण चालत नाही, कारण ते कोणत्याही घटनेला सारखेच लागू पडते आणि म्हणून काहीच उलगडत नाही.

ही पद्धत पाहावयास दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्यात लोणार आहे. विष्णूने लवणासुराचा वध केला ती ही जागा, असे पुराणकथा सांगते. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर त्या कथेचे स्मारक आहे. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीने झाले असावे, असे भूशास्त्रज्ञही दीर्घकाळ मानीत होते. प्रचंड आघातानेच तयार होणारी विशिष्ट काच तेथील खडकात सापडली आणि 1973 साली उल्काघाताचा निष्कर्ष पक्का झाला. विवराचे वय प्रथम सुमारे पन्नास हजार वर्षे मानले गेले; पुढे अधिक काटेकोर मापनाने ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे ठरले. म्हणजे विज्ञानाने येथे दोनदा आपले म्हणणे बदलले, आणि तेच त्याचे बळ आहे. मंदिर मात्र उभे आहे आणि त्याच्या शिल्पाने आजही मन भारावते. कथा कथा म्हणून राहते तोवर तिचे विज्ञानाशी भांडण नाही. ती खडकाचा खुलासा म्हणून पुढे आली, की भांडण अटळ आहे.

आता याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळला जाऊ. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तेथे शेतात घट मांडतात. भोवती धान्ये ठेवतात. मधोमध पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याचे भांडे. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हलले, काय भिजले, हे पाहून पाऊसपाण्याचे व पिकांचे भाकीत सांगतात. ते ऐकण्यास दूरदूरचे शेतकरी रात्र काढून थांबतात. येथे श्रद्धा परलोकाविषयी बोलत नाही. जूनमध्ये पाऊस किती पडेल हे सांगते. असे विधान करताच ती विज्ञानाच्या अंगणात आली, आणि तेथील नियम तिला लागू झाले.

नियम कोणते? हवामान खात्याचेच उदाहरण घ्या. मान्सूनचे हंगामी भाकीत हे खाते 1886 पासून करीत आले आहे. 2002 साली त्याने सरासरीच्या 101 टक्के पावसाचा अंदाज दिला. प्रत्यक्षात 81 टक्के पडला. ही चूक आकड्यांत लिहिलेली असल्यामुळे कोणालाही झाकता आली नाही. खात्याने 2003 पासून आपली पद्धत बदलली. 2009 साली ते पुन्हा चुकले आणि पुन्हा जाब द्यावा लागला. ‘पाऊस मध्यम, कोठे कमी, कोठे जास्त’ असे बोलणाऱ्या भाकिताला हा धोका नसतो, कारण ते चुकूच शकत नाही. नारळीकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी 2008 साली फलज्योतिषाची अशीच चाचणी घेतली. हुशार व मतिमंद मुलांच्या मिळून दोनशे कुंडल्या जमविल्या आणि प्रत्येक ज्योतिषाकडे त्यांतील चाळीस पाठवून, कोणती कुंडली कोणत्या मुलाची हे ओळखण्यास सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. ती सरासरीने 46 टक्के बरोबर निघाली. नाणे उडवले असते तरी पन्नास टक्के बरोबर आली असती.

येथे डॉ. श्रीराम लागू यांचा आक्षेप विचारात घेतला पाहिजे. देव ही कल्पनाच मूळ अंधश्रद्धा आहे आणि ती शाबूत ठेवून फांद्या तोडण्यात अर्थ नाही, असे ते म्हणत. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यांच्याच व्यासपीठावरून उलट सांगत, की ज्याला आचरणाची प्रेरणा वा दुःखात आधार म्हणून देव हवा त्याच्याशी आमचा वाद नाही. वाद शोषणाशी आहे. तर्काच्या दृष्टीने लागूंचे म्हणणे बळकट आहे, हे मी मान्य करतो. अदृश्य शक्तीपुढे मान तुकविण्याची सवय लागलेले मन बुवापुढे लवकर झुकते. तरीही अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या युक्तिवादात एक दुवा निखळलेला दिसतो. शेतकरी भेंडवळला का जातो? त्याची शेती कोरडवाहू आहे, बियाणे उधारीचे आहे, पीकविम्याची भरपाई मिळेल की नाही ठाऊक नाही आणि कापसाचा भाव त्याच्या हाती नाही. एका हंगामात सर्वस्व पणाला लावणाऱ्याला कोणी तरी पुढचे सांगावे असे वाटले, तर तो मूर्ख ठरत नाही. ही असुरक्षितता कायम ठेवून त्याचा देव काढून घेऊ म्हणणारे, कारणाला हात न लावता परिणामाशी झगडत आहेत.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 ने धर्मस्वातंत्र्य दिले आहे आणि 1976 च्या दुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. दोन्ही एकत्र नांदू शकतात, कारण एक माणसाच्या अंतःकरणाविषयी आहे आणि दुसरे त्याच्या सार्वजनिक विधानांविषयी व वर्तनाविषयी. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा याच सीमेवर उभा आहे. त्यात देव मानण्यास मनाई नाही. अघोरी उपचार, नरबळी, चमत्काराच्या नावाने फसवणूक यांना शिक्षा आहे. इतक्या मर्यादित मागणीसाठी झटणाऱ्या दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात गोळ्या घालण्यात आल्या. त्यानंतर चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. ज्याने लोकांचा देव कधी मागितला नाही, त्याला मारण्यात आले. यावरून समजावे, की खरे भय नास्तिकतेचे नसते; हिशेब मागितला जाण्याचे असते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? कोणाचाही देव तपासू नये; त्या देवाच्या नावाने केलेला प्रत्येक दावा तपासावा. दिंडीत चालणाऱ्याबरोबर चालावे, पण सर्पदंश झालेल्या मुलाला मांत्रिकाकडे नेणाऱ्याची वाट अडवावी आणि त्या मुलाला दवाखान्यात पोहोचवावे. येत्या अक्षय्य तृतीयेला भेंडवळचे भाकीत आणि हवामान खात्याचा अंदाज दोन्ही वहीत लिहून ठेवावेत आणि ऑक्टोबरात गावकऱ्यांसमोर, कोणाची टिंगल न करता, प्रत्यक्ष पावसाशी ताडून पाहावेत. त्याच बैठकीत पैसेवारी कशी काढली, विम्याचे पैसे का अडले, प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आहे काय, हेही विचारावे. भाकिताला पुरावा मागण्यास शिकलेला शेतकरी सरकारलाही पुरावा मागू लागेल. तो घरी जाऊन विठ्ठलासमोर दिवा लावील की नाही, हे त्याचे त्याने ठरवावे.