शिकलेली सिस्टर वॉर्डात राहील का?



रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाला दिवसभरात डॉक्टर किती वेळ दिसतात? सकाळचा राऊंड, संध्याकाळचा राऊंड, मधे काही बिनसलं तर धावत आलेले निवासी डॉक्टर. बाकी सगळा वेळ खाटेशी असते ती सिस्टर, किंवा हल्ली ब्रदर. त्यांच्या पुढच्या शिक्षणाबद्दल आज बोलायचं आहे. नव्याने नर्सिंगला जाणाऱ्या मुलामुलींबद्दल नव्हे. दहा-पंधरा वर्षं ड्युटी करून हात बसलेल्या, आणि आता पुढे काय, हा प्रश्न मनात घोळवणाऱ्या परिचारिकांबद्दल.

आपल्याकडे नर्सिंगची वाट साधारण अशी आहे. बारावीनंतर जीएनएमचा तीन वर्षांचा डिप्लोमा, नाहीतर चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग. जीएनएम झालेलीला पुढे शिकायचं तर आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी, आणि मग दोन वर्षांचं एमएस्सी नर्सिंग. मेडिकल-सर्जिकल, बालरोग, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य, सामाजिक आरोग्य यांपैकी एक शाखा निवडायची. ही पदवी काही कालपरवाची नाही. दिल्लीत आणि वेल्लोरला बीएस्सी नर्सिंग 1946 मध्ये सुरू झालं, आणि दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर कॉलेजात 1959 मध्ये मास्टर्सचं शिक्षण. म्हणजे साठ वर्षं कधीच उलटली. तरीही तुमच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन बघा, एमएस्सी झालेली आणि रोज वॉर्डात पेशंटपाशी काम करणारी सिस्टर शोधावी लागेल.

मग या सगळ्या गेल्या कुठे? बऱ्याचशा कॉलेजात शिकवायला गेल्या. काही परदेशी गेल्या. काही ऑफिसात बसून फायली बघतात. मी स्वतः शिकवणाऱ्यांपैकी आहे, तेव्हा या तक्रारीत माझाही वाटा धरा. पण रचनाच तशी आहे. एमएस्सीचा अभ्यासक्रम उघडून बघितला तर प्रगत परिचर्या आहे, संशोधन आणि संख्याशास्त्र आहे, व्यवस्थापन आहे, निवडलेली शाखा आहे, आणि प्रत्येकीला सक्तीचा नर्सिंग शिक्षणशास्त्राचा विषयही आहे. पाठ कसा घ्यावा, प्रश्नपत्रिका कशी काढावी. ज्या देशात नर्सिंगची कॉलेजं भराभर निघाली आणि शिकवायला माणसं कमी पडली, तिथे हे समजण्यासारखं आहे. शिक्षक हवेतच. पण दुसरीकडे, एमएस्सी करून जी वॉर्डात परतते तिचा हुद्दा बहुतेक ठिकाणी तोच राहतो. तीच अधिपरिचारिका, तीच रात्रपाळी. मग ती का परत येईल?

आता कुणी म्हणेल, वॉर्डात काम करायला इतकं शिकायची गरजच काय? अनुभवाने येतंच की सगळं. अनुभवाने पुष्कळ येतं, हे खरंच. जुन्या सिस्टर दारातून पेशंटकडे नुसतं बघतात आणि म्हणतात, याचं काही खरं नाही, लक्ष ठेवा. पण त्यापुढची गोष्ट बघा.

समजा, पोटाच्या ऑपरेशननंतर तिसरी रात्र आहे. पेशंटची नाडी 112 आहे. श्वास मिनिटाला 26. वरचं ब्लडप्रेशर 104. ताप 101 फॅरनहाईट. यातला एकेक आकडा सुटा घेतला तर फार भीती वाटत नाही. ऑपरेशननंतर थोडा ताप येतो, दुखलं की नाडी वाढते, 104 प्रेशर असलेली माणसं आपल्याभोवती हिंडताफिरताना दिसतात. सिस्टरला मात्र काहीतरी चुकतंय असं वाटतं. ती निवासी डॉक्टरांना फोन लावते. ते छत्तीस तास जागे. ते विचारतात, नक्की झालंय काय? आणि ती म्हणते, सर, पेशंट बरा वाटत नाही. या वाक्यावर रात्री तीन वाजता कुणी धावत येत नाही.

ब्रिटनमध्ये 2012 पासून अशा वेळेसाठी गुण मोजायची एक पद्धत वापरतात. श्वास 25 किंवा जास्त असेल तर 3 गुण, नाडी 111 ते 130 मधली असेल तर 2, वरचं प्रेशर 101 ते 110 असेल तर 1, एवढ्या तापाला 1. आपल्या पेशंटचे झाले 7. आणि 7 म्हणजे तातडीचा प्रसंग, अनुभवी डॉक्टरांनी लगेच येऊन बघायचा. तीच सिस्टर, तोच पेशंट. पण आता ती फोनवर सांगते की गुण सात झालेत, लघवी तासाला वीस मिलीवर आली आहे, पोटातला जंतुसंसर्ग रक्तात पसरत असावा, मी कल्चरसाठी रक्त घेऊन ठेवते, तुम्ही या. अनुभवाने तिला जे कळलं होतं, त्याची कारणं तिला शिक्षणाने दिली, आणि समोरच्याला हलवणारी भाषाही दिली. गुणांचा तक्ता तर कुणीही भिंतीला चिकटवू शकतं. तो कधी फसवतो, म्हातारा, बीटा-ब्लॉकर घेणारा पेशंट असेल तर नाडी का वाढत नाही, हे समजायला औषधशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र पुन्हा एकदा, मोठ्या वयात, खाटेशी उभं राहून शिकावं लागतं.

शिक्षणाचा आणि पेशंटच्या जिवाचा संबंध मोजलाही गेलाय. 2014 मध्ये लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या नऊ देशांच्या 300 रुग्णालयांतली, ऑपरेशन झालेल्या चार लाखांहून जास्त पेशंटांची माहिती तपासली. पदवीधर नर्सचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असेल तिथे दाखल झाल्यापासून तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी कमी दिसली. आणि एकेका नर्सवर एक पेशंट वाढवला की ती सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. हा अभ्यास बीएस्सीच्या पातळीचा आहे, एमएस्सीचा नव्हे. पण त्याचा दुसरा भाग आपण विसरतो. शिक्षण वाढवलं आणि एका सिस्टरच्या गळ्यात चाळीस पेशंट तसेच ठेवले, तर हाती फार काही लागणार नाही.

शिकलेल्या नर्सला खाटेशीच जास्त अधिकार द्यायचे, ही कल्पना अमेरिकेत 1965 मध्ये रुजली. कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांबरोबर नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला शिक्षणक्रम सुरू केला. खेड्यापाड्यांतल्या मुलांना डॉक्टर मिळत नव्हते, हे त्यामागचं साधं कारण. लोरेटाबाई 2025 मध्ये, वयाच्या 104 व्या वर्षी वारल्या. तोवर त्यांच्या देशातल्या निम्म्याहून जास्त राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे पेशंट तपासून औषधं लिहून देऊ लागल्या होत्या. तिथे विरोध झाला नाही असं नाही. डॉक्टरांनी केला, आणि नर्सिंगच्या प्राध्यापकांनीही केला.

आपल्याकडे हे पाऊल फार उशिरा पडलं. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरांचा वेगळा वर्ग असावा असं म्हटलं आहे. त्याच सुमारास भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर शिक्षणक्रम आणला. हा मला मनापासून पटलेला शिक्षणक्रम. कारण तो निवासी पद्धतीचा आहे. वर्गातले तास थोडे, आणि उरलेला सगळा वेळ आयसीयूत, डॉक्टरांच्या बरोबरीने राऊंड घेत, व्हेंटिलेटर लावत आणि काढत. दुसरा प्रयत्न प्रसूतीचा. तेलंगणाने 2017 मध्ये हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयात निवडक परिचारिकांना मिडवाइफरीचं विशेष शिक्षण द्यायला सुरुवात केली, आणि 2018 च्या डिसेंबरात केंद्र सरकारने देशभरासाठी मिडवाइफरीची मार्गदर्शक सूत्रं काढली. त्यात अठरा महिन्यांचं प्रशिक्षण आहे. जोखीम नसलेलं बाळंतपण अशा प्रशिक्षित परिचारिकेने स्वतःच्या जबाबदारीवर करायचं, गुंतागुंत दिसली की डॉक्टरांना बोलवायचं.

हे सगळं वाचायला छान आहे. अडचण पुढे आहे. अतिदक्षतेची नर्स प्रॅक्टिशनर होऊन मुलगी बाहेर पडली, की तिला त्या नावाचं पद कुठे आहे? पगाराची श्रेणी कोणती? ठरवून दिलेल्या सूचनांप्रमाणे तिने औषध सुरू केलं आणि काही बरंवाईट झालं, तर कायदा तिच्या मागे उभा राहील का? 1947 च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घ्यायला संसदेने 2023 मध्ये नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला आहे. परंतु पदं काढायची ती राज्य सरकारांनी आणि रुग्णालयांनी. माझं मत विचाराल तर आधी पदं काढा, मग शिक्षणक्रमाच्या जागा वाढवा. आज उलटं चाललंय. आणि 'उद्या नर्सच डॉक्टर होणार का' असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारते, ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता पेशंटपाशी आज कोण असतं?

पुढच्या शिक्षणाची गरज नेतृत्वालाही आहे, तेही थोडक्यात सांगते. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग सहायक अधिसेविका, मग अधिसेविका, म्हणजे आपल्या मेट्रन. हे जिने मुख्यतः सेवाज्येष्ठतेने चढायचे. मेट्रनच्या खुर्चीत बसेपर्यंत निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आलेली असते. पाचशे खाटांच्या ड्युट्या लावणं, रजा, भांडणं, चादरींचा हिशेब, हे त्या अंगच्या हुशारीने निभावतात. पण जंतुसंसर्गाचं प्रमाण मोजून दाखवणं, इतक्या पेशंटांना इतक्या नर्स लागतात हे आकड्यांनी पटवून अधिष्ठात्यांकडून पदं मागून घेणं, अंदाजपत्रकाच्या बैठकीत बोलणं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. म्हणून ते शिक्षण पस्तिशी-चाळिशीत मिळायला हवं, पंचावन्नाव्या वर्षी नव्हे.

ऐकणाऱ्यांत काही सिस्टर असतील, नाइट करून घरी येऊन डबे भरता भरता हे ऐकत असतील. चार वर्षांच्या वाटेची हिंमत होत नसेल, तर एका वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमे आहेत: अतिदक्षता, नवजात बालकं, कर्करोग, ऑपरेशन थिएटर, वृद्धांची परिचर्या. तिथून सुरुवात करता येते. एमएस्सी करायचं ठरवलंच, तर कॉलेजला परिचर्या परिषदेची आणि विद्यापीठाची मान्यता आहे ना, हे स्वतः तपासा, जाहिरातीवर विसंबू नका. कामाच्या अनुभवाचा दाखला आत्ताच मागून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही. नोकरी सरकारी असेल तर पगारी रजा मिळते का, आणि मिळाली तर किती वर्षांचा बाँड लिहून द्यावा लागतो, हे आस्थापना शाखेतून लेखी घ्या. आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा ग्रंथालय नंतर बघा. आधी विचारा की तुमचं स्वतःचं रुग्णालय आहे का, त्यात आयसीयूच्या खाटा किती, आणि आम्हाला तिथे आठवड्याचे किती तास उभं करणार.