पौडची दशमी सिंगापुरात

मुळशीतल्या पौडहून आम्ही घरची पाच माणसं सिंगापूरला गेलो, त्या पहिल्या दिवसाची ही गोष्ट.

उतरल्यावर आधी घड्याळं लावली. तिथली वेळ आपल्यापुढे अडीच तास. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ, तेव्हा तिथे दुपारचे बारा. पहिल्या दिवशी फार बेत आखू नयेत, पोरं ताटावरच पेंगतात.

फिरायला मेट्रो उत्तम. फाटकावर कार्ड टेकवायचं. फक्त एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही. गाडी सुटली आणि आजीनं फडक्यात बांधलेली दशमी काढली. समोरच पाटी! खाणंपिणं मना, दंड 500 सिंगापूर डॉलरपर्यंत. पाण्याचा घोटसुद्धा नाही. दशमी परत फडक्यात गेली, आजी दोन स्टेशनं गप्प. लिटल इंडियाला उतरल्यावर रस्त्याकडेला मोगऱ्याचे गजरे दिसले, तेव्हा कुठे हसली.

जेवायला हॉकर सेंटर गाठावं, म्हणजे एका छपराखाली ओळीनं खाण्याचे गाळे. 2020 साली युनेस्कोनं या खाद्यसंस्कृतीला आपल्या वारसायादीत घेतलं. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर बसू नका. ती जागा धरलेली असते, आपण एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो ना, तशी! जेवल्यावर ताट मात्र आपणच उचलून ठेवायचं. 2021 पासून तसा नियमच आहे.

दुपारी पाऊस कोसळला. ताम्हिणीच्या पावसात वाढलेली माणसं आम्ही, आणि छत्र्या हॉटेलवर!